सिनेमातलं दोन किलोचं पिस्तूल पीएसआयच्या कमरेला का नसतं?

खानापूर तालुक्यातल्या काही तरुण मंडळींनी विचारलंय: ‘आमच्या वेब सिरीजचा नायक बेळगावात नेमणुकीवर आलेला पीएसआय आहे. त्याच्या हातात डेझर्ट ईगल द्यायचं आमचं ठरलंय, कारण पडद्यावर ते जबरदस्त दिसतं. पण खरोखर असलं पिस्तूल कुणी वापरतं का? एका हातानं चालतं का? आणि एवढी ताकद असेल तर पोलीस आणि लष्कर ते का घेत नाहीत?’

शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच निघतील. पोलीस आणि लष्कर ते घेत नाहीत, कारण पिस्तूल ज्या कामासाठी बाळगायचं ते काम त्यानं धड होत नाही. आणि जिथं तेवढी ताकद लागते तिथं माणूस रायफल घेऊन जातो.

माझी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत झाली आणि तिचा मोठा काळ वेपन ट्रेनिंगमध्ये उस्ताद म्हणून गेला. आता बेळगावातच पोरापोरींना एअर पिस्तूल शिकवतो. त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष हिरोच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त असतं. घरचे माझ्याबरोबर सिनेमाला यायला टाळतात ते याचमुळे.

पायदळात जवानाचं हत्यार म्हणजे रायफल. पिस्तूल मिळतं ते अधिकाऱ्याला, नाहीतर ज्याचे दोन्ही हात दुसऱ्याच कामात अडकलेले असतात त्याला. पोलिसांचंही तसंच. तुमच्या पीएसआयचा एक दिवस डोळ्यापुढे आणा. गणपती विसर्जनाची मिरवणूक आहे, कपिलेश्वर तलावावर शेवटची मूर्ती पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचं ऊन वर आलेलं असतं, आणि तोवर हा गडी उभा आहे. किंवा एक नोव्हेंबरचा, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस यांचा बंदोबस्त आहे. त्या दिवशी बेळगावात पोलिसांना जेवायला किती वेळ मिळतो ते मी सांगायला नको. जीपमध्ये चढायचं, उतरायचं, वायरलेस, फोन, कागद, गर्दीत शिरून दोघांची भांडणं सोडवायची. या सगळ्यात पिस्तूल कमरेला असतं आणि बहुतेकांच्या पूर्ण नोकरीत ते कुणावर रोखायला बाहेर काढायची वेळही येत नाही. आली तर ती दोन-चार पावलांवर येते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल लागतो. म्हणून पिस्तुलाकडून पहिली अपेक्षा ही की ते त्या क्षणी अंगावर असावं. मग ते झटकन निघावं, आणि पहिल्या गोळीमागून दुसरी तितक्याच नेमानं जावी. ताकदीचा विचार यानंतर.

आपल्या लष्करात वर्षानुवर्षं चाललेलं 9 मिमी 1ए पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. मूळ घडण बेल्जियमच्या 1935 सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. मॅगझिनमध्ये 13 राउंड, म्हणजे गोळ्या, रिकामं वजन किलोच्या आत. ग्लॉक 17 तर रिकामं साडेसहाशे ग्रॅमही भरत नाही आणि त्यात 17 राउंड बसतात. आता .50 कॅलिबरचं, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीचं, डेझर्ट ईगल: रिकामं वजन सुमारे 2 किलो, लांबी जवळजवळ 27 सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये 7 राउंड. म्हणजे दुप्पट-तिप्पट ओझं वाहायचं आणि राउंड निम्मे. हे कमरेला लावून जीपमध्ये बसलात तर नळी सीटला टेकून पट्टा बरगडीपर्यंत वर सरकतो. उभं राहिलात तर पॅंट एका बाजूनं खाली ओढली जाते. आठवड्याभरात तुमचा पीएसआय ते टेबलाच्या खणात ठेवून फिरायला लागेल, आणि खणातल्या पिस्तुलाचा उपयोग चोराला जास्त.

खात्री करायची असेल तर दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खिळ्यावर तिचं झाकण धरून ठेवा. किती वेळ जमतंय बघा. झाकण खिळ्याभोवती गोल फिरायला लागेल, मग खाली उतरायला लागेल. आता डाव्या हातातही एक बाटली घ्या, कारण तुमचा हिरो बहुतेक दोन पिस्तुलं चालवणार. आमच्याकडचा एखादा म्हातारा बघून विचारेल, ‘बंदूक धरूलास का कुऱ्हाड?’

नेमबाजीच्या खेळातही वजनाला मर्यादा आहे. 25 मीटर पिस्तूल प्रकारात 1400 ग्रॅमच्या वर हत्यार चालत नाही आणि कॅलिबर असतं .22. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. अशा खेळाडूचा खांदा आणि मनगट वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार झालेलं असतं, तरी तिच्या हातात डेझर्ट ईगलपेक्षा निदान सहाशे ग्रॅमनं हलकं हत्यार असतं.

डेझर्ट ईगलला मी नावं ठेवतोय असं समजू नका. घडणीच्या बाजूनं ते फार हुशार हत्यार आहे. मिनेसोटातल्या मॅग्नम रिसर्च कंपनीची कल्पना आणि इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजचं काम. 1980 च्या दशकात आधी .357 मॅग्नम, मग .44 मॅग्नम आणि 1991 मध्ये .50 अ‍ॅक्शन एक्सप्रेस. साध्या 9 मिमी पिस्तुलात राउंड सुटला की नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) थोडं अंतर जोडीनं मागे जातात, मग नळी खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. मॅग्नम काडतुसाचा दाब त्या पद्धतीला पेलणं अवघड, म्हणून इथं नळी घट्ट बसवली आणि रायफलची युक्ती उचलली. गोळीमागचा थोडा गॅस नळीतल्या बारीक भोकातून पुढे घेतात, तो पिस्टनला ढकलतो, स्लाइड मागे जाते आणि काडतूस नळीत बंद करून धरणारा अनेक दातांचा बोल्ट फिरून उघडतो. एम-16 रायफलचा बोल्ट ज्यानं खोललाय त्याला हा बोल्ट लगेच ओळखू येईल. हे सगळं नळीखाली बसवायचं म्हटल्यावर पिस्तूल अवजड होणारच. कुणाच्या हौसेपायी ते मोठं झालेलं नाही.

पण या घडणीची किंमत चालवणाऱ्याला मोजावी लागते. जाकीट नसलेली साधी शिशाची गोळी वापरली तर गॅसचं भोक शिशानं बुजायला लागतं. मनगट सैल राहिलं तर स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही आणि स्टॉपेज येतो, म्हणजे पिस्तूल मध्येच अडकतं. मॅगझिन मुठीत किंचित मोकळं असतं. आधाराचा हात खालून मॅगझिनच्या बुडाला दाबून धरला तर राउंड नीट चढत नाही. सिनेमात अर्धे नट पिस्तूल असंच बशीत ठेवल्यासारखं खालून धरतात. शिवाय .50 चं काडतूस जाड, म्हणून मूठ जाड. मध्यम पंजाच्या माणसाचं बोट ट्रिगरवर पोचतं तेव्हा मूठ तळव्यातून फिरलेली असते, आणि मग धक्का मनगटाच्या सरळ रेषेत न येता अंगठ्याच्या मुळाशी बसतो. ज्या इस्रायलमध्ये ते घडलं तिथल्या सैन्यानंही ते आपलं नेहमीचं पिस्तूल म्हणून घेतलं नाही, यात मला नवल वाटत नाही.

कॅलिबर अर्ध्या इंचावर येऊन थांबलं त्यामागे कायदा आहे. अमेरिकेत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नळीचं हत्यार, काही शिकारी बंदुका सोडल्या तर, ‘विध्वंसक’ वर्गात जातं आणि विकणं-बाळगणं फार कटकटीचं होतं. म्हणून पिस्तूल बनवणारे .50 ला पोचले की थांबतात. यावरून एक गैरसमज पसरलाय की .50 च्या पिस्तुलातून हेवी मशीनगनची गोळी सुटते. नळीचा व्यास तेवढाच, 12.7 मिमी, पण मशीनगनच्या .50 काडतुसाची पितळी केस 99 मिमी लांब असते आणि पिस्तुलाच्या काडतुसाची 33 मिमीच्या आत. पहिल्याची ऊर्जा 17 हजार जूलच्या घरात, दुसऱ्याची 2 हजारांच्या आसपास.

हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवू. 9 मिमीची गोळी नळीतून निघताना साधारण 500 जूल घेऊन निघते. .44 मॅग्नम हजाराच्या बरीच पुढे. .50 अ‍ॅक्शन एक्सप्रेस 2 हजार. 2003 मध्ये स्मिथ अँड वेसननं .500 मॅग्नमचं पाच राउंडांचं रिव्हॉल्व्हर काढलं, ते 3 हजारांच्याही वर जातं. ऐकायला भारी वाटतं. पण 5.56 मिमीची रायफल सतराशे-अठराशे जूल देते, 7.62 ची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) 3 हजारांच्या पुढे, आणि त्या रायफलीला खांद्याचा टेकू, दोन हात, लांब नळी आणि भरलेलं 20-30 राउंडांचं मॅगझिन असतं. पिस्तुलात रायफलची ताकद कोंबली म्हणून पिस्तूल रायफल होत नाही, कारण नेम राखायला खांदा लागतो आणि तो पिस्तुलाला मिळत नाही.

आता धक्का. हिशेब केला तर साधारण किलोभराच्या 9 मिमी पिस्तुलाचा धक्का पाच-सहा जूलचा बसतो आणि डेझर्ट ईगलचा पंचवीसच्या पुढे. म्हणजे चार-पाच पट, तेही पिस्तूल दुप्पट जड असताना. जड असल्याचा आणि गॅसच्या घडणीचा फायदा म्हणजे तो धक्का टोचत नाही, ढकलतो. हलक्या .44 रिव्हॉल्व्हरपेक्षा ते हाताला सुसह्य वाटतं असं बरेच जण म्हणतात आणि ते बरोबर आहे. तेव्हा ‘चालवलं तर मनगट मोडतं’ ही बढाई सोडून द्या. नीट उभं राहून, दोन्ही हातांनी घट्ट धरून कुणीही धडधाकट माणूस ते चालवू शकतो. एका हातानंही एखादी गोळी सुटेल. अडचण असते ती दुसऱ्या गोळीची. नळी वर उसळते, ती खाली आणून फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाची माशी, पुन्हा लक्ष्यावर बसवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात 9 मिमीवाला दोन-तीन राउंड नेमानं टाकून मोकळा झालेला असतो. नव्या शिकाऊच्या बाबतीत आणखी वाईट होतं: मोठ्या धक्क्याची एकदा धास्ती बसली की ट्रिगर दाबायच्या क्षणी हात आपोआप खाली झुकतो आणि गोळी लक्ष्याच्या अलीकडे मातीत. ही खोड लागायला दोन मॅगझिन पुरतात, घालवायला महिने. आम्ही मॅगझिनमध्ये मध्येच डमी राउंड भरून ती पकडायचो. ट्रिगर दाबला, राउंड सुटला नाही, आणि नळीनं खाली मान टाकली की शिकाऊचं शिकाऊलाच दिसतं. उस्तादाला ओरडायची गरज उरत नाही.

गोळी लागली की माणूस उडून मागच्या काचेतून आरपार जातो, हे तेवढं काढून टाका. .50 ची गोळी जेमतेम 19-20 ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेचारशे मीटर धरा. 65 किलोच्या माणसात ती पूर्ण अडकली तरी त्याला सेकंदाला 13-14 सेंटिमीटर एवढीच ढकल बसेल. चालण्याचा वेग त्याच्या दहापट असतो. आणि गोळीनं समोरचा उडत असेल तर तेवढ्याच जोरानं गोळी मारणाराही मागे उडायला हवा. न्यूटनला हिरो आणि व्हिलन यांच्यातला फरक कळत नाही. गोळी लागलेला माणूस बहुतेकदा जागच्या जागी खाली बसतो, किंवा लागल्याचं कळायच्या आत काही पावलं पळतोसुद्धा.

मोठ्या पिस्तुलाचा प्रयोग कुणी मनापासून केलाच नाही असं नाही. अमेरिकेच्या एफबीआयनं केला, आणि तुमच्या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. एफबीआयवाल्यांकडे बहुतेक रिव्हॉल्व्हर, काहींकडे 9 मिमी पिस्तुलं. त्यातली 9 मिमीची एक गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला आणि त्याच्या हातात सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. मागाहून चौकशी झाली तेव्हा बोट त्या 9 मिमीच्या गोळीकडे गेलं: गोळी कमी पडली, मोठी घ्या. म्हणून 10 मिमीचं जड पिस्तूल आलं. ते सगळ्यांना पेलेना; धक्का जास्त, मूठ मोठी, नेमबाजीचे गुण घसरायला लागले. मग 10 मिमीचंच काडतूस सौम्य करून भरलं. सौम्यच भरायचं तर केस एवढी लांब कशाला, असा हिशेब करून 1990 मध्ये .40 स्मिथ अँड वेसन निघालं आणि अमेरिकेतल्या पोलिसांनी ते डोक्यावर घेतलं. आणि शेवटी काय झालं? मधल्या काळात 9 मिमीच्या गोळ्यांची बनावट सुधारली. चाचणीसाठी माणसाच्या मांसाच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात 12 ते 18 इंच खोल जायची एफबीआयची जी अट होती ती चांगली 9 मिमी गोळी पुरी करू लागली, आणि त्याच माणसांचे 9 मिमीवरचे निशाण जास्त नेमके लागताना दिसले. 2016 मध्ये एफबीआयनं पुन्हा 9 मिमीची ग्लॉक पिस्तुलं मागवली. तीस वर्षांचा फेरा, आणि गाडी निघाली तिथंच परत आली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मायामीत कमी पडलं ते पिस्तुलाचं कॅलिबर नव्हतंच. समोर रायफल असताना यांच्याकडे बहुतेक पिस्तुलंच होती, ते कमी पडलं. आमच्या वेपन ट्रेनिंगमधला कुठलाही नायक-हवालदार हेच म्हणाला असता.

मग अशी पिस्तुलं बनतात कशाला? त्यांची जागा आहे, फक्त ती शहरातल्या गल्लीत नाही. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेच हत्तीवरून वाघाची शिकार करणारे साहेब हौद्यात दोन नळ्यांचं जाडजूड पिस्तूल ठेवायचे. त्याला हाउडा पिस्तूलच म्हणत. जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढून हौद्यापर्यंत आला तर लांब रायफल वळवायला जागा नसते, तेव्हा हातभर अंतरावरून दोन बार. वजनाची चिंता नाही, कारण ओझं हत्ती वाहतो. अमेरिकेत 1847 चं कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हरही असंच, वजन 2 किलो, बरोबर डेझर्ट ईगलएवढं. ते घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानात राहायचं. हत्यार घोड्यावरून माणसाच्या कमरेला आलं तसं कोल्टनं 1851 चं नेव्ही मॉडेल काढलं: सव्वा किलोच्या आत, कॅलिबर .36 वर उतरवलेलं. वॉकर हजार-अकराशेच बनली, नेव्ही दोन लाखांहून जास्त. आजही परदेशात अस्वलांच्या मुलखात फिरणारे किंवा हौसेनं पिस्तुलानं शिकार करणारे लोक मोठं रिव्हॉल्व्हर बाळगतात. आणि बरीचशी डेझर्ट ईगल जातात ती चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, रविवारी मजा म्हणून वाजवणाऱ्या हौशी लोकांकडे. हौसेला मोल नसतं, तक्रार नाही.

अस्वल म्हटलं की तुम्हा खानापूरवाल्यांचे कान टवकारणार, म्हणून हेही सांगून टाकतो. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत अस्वल आणि गवा ही सिनेमातली गोष्ट नाही. पण दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, आणि पीक राखणीच्या परवान्यावर जी ठासणीची किंवा 12 बोरची बंदूक आपल्याकडच्या शेतकऱ्याकडे असते ती प्रामुख्यानं बार काढून जनावर पळवायला. टनभर वजनाचा गवा अंगावर येत असताना पिस्तूल कितीही मोठं असलं तरी मी झाडाचा भरवसा जास्त धरेन. कथेत तसा प्रसंग घालणार असाल तर पीएसआयला पळताना दाखवा, गावातले लोक मान डोलावतील.

आपल्याकडे सामान्य माणसाला हे पिस्तूल मिळण्याचा प्रश्नही जवळजवळ येत नाही. 9 मिमी आणि .303 सारखी लष्करी कॅलिबर प्रतिबंधित, परवानाधारकाकडे साधारणपणे .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं. नामांकित नेमबाज सोडले तर बाहेरून हत्यार आणायची वाट बंद. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि निवडणूक लागली की तीही बहुतेकांना ठाण्यात नेऊन जमा करावी लागतात. तेव्हा तुमच्या व्हिलनकडे, म्हणजे जो निपाणीचा तंबाखूवाला दाखवायचं तुमच्या मनात आहे त्याच्याकडे, डेझर्ट ईगल असणं एकवेळ चोरटी आयात म्हणून खपेल. त्याच्या स्वभावाला शोभेलही: दाखवायला घेतलंय, चालवता येत नाही. पीएसआयकडे मात्र ते दिसलं की बेळगावातल्या निम्म्या प्रेक्षकांच्या घरात एखादा माजी सैनिक बसलेला असतो, तो हसेल.

कॅमेऱ्याचीही बाजू मला कळते. साधं पिस्तूल उंच नटाच्या पंजात लपून जातं, लांबून काळा ठिपका दिसतो. डेझर्ट ईगलची चौकोनी नळी मागच्या रांगेतूनही ओळखू येते. 1971 च्या ‘डर्टी हॅरी’नंतर स्मिथ अँड वेसनचं .44 मॅग्नमचं मॉडेल 29 दुकानांत मिळेनासं झालं होतं, एवढा पडद्याचा जोर. पण तुम्हाला तोच परिणाम हत्यार न वाढवता साधता येईल. कॅमेरा पिस्तुलाच्या जवळ न्या. आवाज खरा ठेवा: बंद खोलीत 9 मिमी फुटलं तरी 140 डेसिबलची हद्द केव्हाच ओलांडते आणि कानात शिटी बसते. गोळीबारानंतर पीएसआयला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाहीये, तो ‘काय? काय?’ करतोय, एवढं दाखवलंत तर दोन किलोच्या पिस्तुलाची गरज लागणार नाही.

धरायचं कसं ते नटाला आठवडाभर शिकवा. दोन्ही हात, दोन्ही अंगठे एकाच बाजूला पुढे, कोपर ताठर नाहीत. बोट ट्रिगरवर नको, नळीच्या कडेनं सरळ. गोळी झाडायचं ठरलं की मगच आत. प्रेक्षकाला बाकी काही कळलं नाही तरी हे एक बोट बघून माणूस शिकलेला आहे की नाही ते जाणवतं. पिस्तुलाच्या मुठीला अडकवलेली दोरी विसरू नका, आपल्या पोलिसांच्या पिस्तुलाला ती असते आणि सिनेमावाले नेमकी तीच काढून टाकतात. राउंड मोजा. 13 चं मॅगझिन असेल तर चौदावी गोळी सुटता कामा नये. आणि शेवटची गोळी गेल्यावर पिस्तूल ‘टिक टिक’ करत नाही, स्लाइड मागे जाऊन तिथंच अडकते. ते दृश्य फार बोलकं असतं, फुकट मिळतंय तर घ्या. डमी पोकळ असेल तर मुठीत शिशाचे तुकडे भरून वजन खऱ्याएवढं करा, नाहीतर नट ते पंख्यासारखं हलवत बोलतो.

खरं हत्यार सेटवर आणायचं नाही, कुणाचा मामा पोलिसात असला तरी नाही. ब्लँकही, म्हणजे गोळी नसलेली नुसत्या दारूची काडतुसंही, नकोत. 1984 मध्ये अमेरिकेत एका मालिकेच्या सेटवर एका तरुण नटानं ब्लँक भरलेलं .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर गमतीनं कानशिलाला लावून ट्रिगर दाबला; गोळी नव्हती, पण ब्लँकच्या दाबानंच कवटी फुटून तो गेला. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत एका चित्रपटाच्या सेटवर डमी समजलेल्या राउंडांत खरा राउंड निघाला आणि छायाचित्रण करणाऱ्या बाईंचा जीव गेला. तुमच्याकडे रबराची किंवा प्लास्टिकची डमी आणि नंतर संगणकावर टाकलेली ज्योत पुरेशी आहे. डमीला भोक पाडून ती ‘थोडी खरी’ करायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला तिथंच थांबवा, शस्त्र कायद्यात तो परवान्याशिवाय गुन्हा आहे.

जांबोटीच्या रस्त्यावर शूटिंग करणार असं तुम्ही लिहिलंय. आदल्या दिवशी ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा, रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस पाटी घेऊन उभा करा, आणि शॉट संपला की डमी लगेच पेटीत. एसटीतून खाली बघणाऱ्याला हातात पिस्तूल आणि पळणारा माणूस एवढंच दिसतं, कॅमेरा दिसत नाही. दोरीचा आणि पट्ट्याचा फोटो हवा असेल तर सांगा, पाठवतो.